कुंदाताई आणि कंपाउंडरची बाजू

ताई, परवा तुझी तेरवी झाली. मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे एकेक करून आपापल्या गावी गेले. जो तो जाताना मला सांगून गेला, "शांत गेली हो तुझी जाऊ. कोणाले तरास नाही देला." मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, शांत? ही बाई जन्मात कधी शांत बसली नाही, ती जाताना शांत कशी गेली? यात काहीतरी गोम आहे.

संशय घ्यायला मला तूच शिकवलंस. आता तुझ्यावरच घेते आहे.

घरात चारचौघांत मी तुला 'ताई, तुम्ही' म्हणायचे. थोरल्या जावेला अरेतुरे करायची आपल्याकडे रीत नाही. पण भांडणात माझ्या तोंडून 'तू' निघायचं आणि तू ते कधी मनावर घेतलं नाहीस. आज 'तू'च म्हणते, कारण आपलं भांडण मिटलेलं नाही. तू ते अर्धवट टाकून गेलीस, आणि मला वाटतं मुद्दाम गेलीस.

मी लग्न होऊन पवनीत आले तेव्हा माझ्या माहेरी, आंधळगावला, सगळ्यांनी मला तुझ्याबद्दल सावध केलं होतं. थोरली कडक आहे, जपून राहा. मी जपून राहिले, तूही जपून राहिलीस. कित्येक वर्षं आपण एका चुलीवर स्वयंपाक केला आणि मीठ-तिखटापलीकडे बोललो नाही. मग तुझी रेणुका कॉलेजला नागपूरला गेली आणि तुझ्या दुपारी रिकाम्या झाल्या.

एका दुपारी मी मागच्या धानाच्या खोलीत पोत्यावर बसून फोनवर कोरियन मालिका पाहत होते, हिंदीत बोलणारी. तू सूप घ्यायला आलीस आणि माझ्या मागे उभी राहिलीस.

"हा कोण?"

"हिरो आहे, ताई."

"याच्या ओठाले लाली काहून लावली?"

"तिकडे लावतात."

"आन् तो मांगं उभा हाये तो?"

"हिरोचा मामा."

"चोर हाये तो."

"ताई, पहिलाच भाग आहे."

"म्हणून तं सांगून राहिली. एवढं गोड कोणी भाच्याशी बोलते का?"

शेवटच्या भागात कंपनी बुडवणारा तो मामाच निघाला. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवसापासून धानाच्या खोलीत दुपारची बैठक सुरू झाली.

त्यांची नावं आपल्या जिभेवर बसेनात, म्हणून तू त्यांना नावं ठेवलीस. माझा आवडता तो 'खळीवाला'. तुझा आवडता एका मालिकेत दवाखान्यात काम करायचा, तो कायमचा 'कंपाउंडर'. पुढे तो राजा झाला, वकील झाला, तरी तुझ्यासाठी कंपाउंडरच. रेणुकाच्या आवडत्या गाणाऱ्या पोरांमधला गुलाबी केसांचा पोरगा 'गुलाल'. खळीवाल्याला काम येत नाही हे तुझं मत. "खुशीत तेच थोबाड, मयतीत तेच थोबाड." आणि कंपाउंडर नुसता घोगरा आवाज काढतो हे माझं. यावरून आपण किती भांडलो असू! एकदा तर तू लाखोरीच्या डाळीचे वडे तळता तळता झारा उगारला होतास माझ्यावर.

सासूबाईंना आधीपासूनच शंका होती की दोघी सुना खोलीत बसून काहीतरी शिजवतात. एकदा त्यांनी दाराआडून ऐकलं. तू म्हणत होतीस, "बुढीले हटवल्याबिगर इस्टेट हाती येत नाही." त्या तशाच आपल्या कापडाच्या दुकानात गेल्या आणि दोन्ही मुलांना सांगितलं की तुमच्या बायका मला विष घालणार आहेत. माझे भासरे, म्हणजे तुझे यजमान, कपड्याचा गठ्ठा अर्धा मोजून टाकून घरी आले. तू त्यांना फोन दाखवलास. "ही बुढी. मालिकेतली, सोलची. हॉटेलं हायेत तिची." त्यानंतरही सासूबाई बरेच दिवस तुझ्या हातचा चहा आधी तुला प्यायला लावून मग घेत होत्या, आणि तूही न चिडता घोट घेऊन दाखवायचीस.

रेणुकाने आपल्याला तिच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. नागपूर, भंडारा, साकोलीच्या पोरी, सगळ्या याच कोरियन वेडातल्या. तू नाव लावलं नव्हतंस, फोटोच्या जागी जास्वंद. त्यांना वाटलं कोणी कॉलेजची पोरगी असेल. मग एक दिवस बातमी आली की गुलालचं कोणा नटीशी जमलंय, आणि त्याच्या कंपनीने सांगितलं की साफ खोटं. पोरींनी आनंदाने नुसता धुमाकूळ घातला. तेवढ्यात तुझा मजकूर: कंपनी लबाड बोलून राहिली, पोराचं जमलं आहे, डोळे पाहा त्याचे.

साकोलीची पल्लवी त्या गुलालवर जीव टाकायची. तिने लिहिलं, ही जास्वंद नक्की दुसऱ्या ग्रुपची हेर आहे, हिला काढा. बाकीच्या पोरीही तिच्या बाजूने झाल्या. पुरावा दे म्हणाल्या. तू खणखणीत आवाजात बोलून पाठवलंस, "मी पवनीची कुंदा. हेर-बीर नाही, तुमच्यासारख्या एका पोरीची माय हाये. ज्याले भांडायचं हाये त्यानं माया घरी यावं, जेवावं, आन् मंग भांडावं."

पल्लवी खरंच आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी ती सडपातळ मुलगी, पवनीत मैत्रिणीकडे आली होती, तिथून वाट विचारत घरी. जेवली, हात धुतले, आणि तासभर तुझ्याशी भांडली. जाताना तू तिला वाटेसाठी वडे बांधून दिलेस.

काही महिन्यांनी गुलालने स्वतःच कबूल केलं, जमलं होतं म्हणून. मला वाटलं आता तू ग्रुपवर विजयाची मिरवणूक काढशील. तू फक्त एवढंच म्हणालीस, "लपवलं तं लपवलं लेकरानं. सगळं जगाले सांगतच फिरा लागते का?"

तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं होतं. लबाडी पकडायला सगळ्यात पुढे तू, आणि पकडल्यावर लबाडाची बाजू घ्यायलाही तूच. आता मी तुझी एकेक गोष्ट अशी पुन्हा काढून उलटीसुलटी करून पाहते आहे.

त्यातलं सगळ्यात मोठं भांडण कंपाउंडरच्या त्या मालिकेचं. धान नुकतं घरात आलं होतं. नव्या पोत्यांना टेकून आपण बसलो होतो. मालिकेत त्याला मोठा आजार निघतो आणि तो बायकोला सांगत नाही. कारण नसताना तिच्याशी तोडून वागतो आणि समुद्राकाठच्या एका गावात जाऊन राहतो. ती बिचारी सगळीकडे शोधते. सापडतो तेव्हा बोलायलाही फार वेळ उरलेला नसतो.

मी फोन बंद केला आणि म्हणाले, "भेकड आहे तुझा कंपाउंडर."

"काहून भेकड?"

"बायकोला सांगायला काय झालं होतं? तिचा काही हक्क नाही?"

"दुखणं त्याचं हाये का तिचं?"

"नवरा तर तिचा आहे ना!"

तू हातातल्या वालाच्या शेंगा सोलत होतीस. "सांगून का झालं असतं? रोज त्याच्या तोंडाकडे पाह्यत बसली असती. जेवला का, झोपला का, दुखते का. त्याले बायको पाहिजे होती, नर्स नाही."

"स्वार्थी आहे तो, ताई. स्वतःला बरं वाटावं म्हणून तिला अंधारात ठेवलं."

तुझे हात थांबले. "असन स्वार्थी. मराले लागलेला माणूस थोडासाक स्वार्थी झाला तं चालते."

"तू काही म्हण. मी त्याला माफ करणार नाही."

"नको करू," तू म्हणालीस आणि खोकलीस. मी म्हटलं, हा खोकला दाखवून ये एकदा. धानाची धूळ आहे, तू म्हणालीस. धूळ होती हे खरंच. खोलीभर होती, माझ्याही नाकात गेली होती. म्हणून मी विश्वास ठेवला.

ते भांडण आपण कितीतरी दिवस चालवलं. ग्रुपवरही नेलं. सगळ्या पोरी माझ्या बाजूने, तू एकटी त्याच्या बाजूने. तू एक पाऊल मागे हटली नाहीस.

म्हणूनच होळीच्या सुमारास मला पहिला संशय आला. खळीवाल्याची नवीन मालिका सुरू होती. त्याचा रडण्याचा प्रसंग होता आणि मी तयारीत बसले होते, आता तू त्याच्या थोबाडावर बोलणार. तू भिंतीला डोकं टेकून पाहत होतीस. म्हणालीस, "बरा करते तो काम. तुयंच खरं."

मी फोन थांबवला. "काय झालं तुम्हाला?"

"काई नाई. ॲसिडिटी हाये."

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं, ताईंना काहीतरी झालंय. हे म्हणाले, "काहून?" मी म्हटलं, त्या हरल्या आज. हे हसले. तुमच्या नाटकांनी डोकं फिरलं म्हणाले. मीही मग गप्प बसले. पण तुझ्या साड्या सैल दिसत होत्या. तू रेणुकाच्या होस्टेलच्या कामासाठी नागपूरला जाऊ लागलीस, आणि होस्टेलचं असं काम असतं तरी कोणतं? मी रेणुकाला सहज म्हणून फोन केला. "आई आली होती का गं?" ती म्हणाली, "हो वर्षाकाकू, आली होती ना." खरंच आली होतीस. ती खोटं बोलली नव्हती. मी पुढचं विचारलं नाही, इतकंच.

शेवटी तू सांगितलंस की पित्ताचे खडे आहेत, काढून टाकायचे आहेत. गाडीत बसताना काच खाली केलीस. "मायाबिगर पुढचा भाग पाहू नको. पाह्यला तं मले समजते." मी म्हटलं, लवकर या, खळीवाल्याची बाजू कमजोर पडतेय. तू हसलीस. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते.

नागपूरहून निरोप आला आणि मी पोचले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. खडे नव्हतेच. पोटातली गाठ होती, आणि ती यकृतापर्यंत गेलेली होती. मी तुझ्या उशाशी उभी होते आणि रेणुकाकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण धक्का नव्हता. भासऱ्यांच्याही नव्हता. तुझ्याबरोबर बसून मी इतकं पाहिलंय, ताई. एवढं मला कळतं.

तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मी दुकानात गेले. भासरे एकटेच बसले होते, समोर उघडलेला साड्यांचा गठ्ठा तसाच. मी सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वरची साडी उगाच पुन्हा घडी केली. मग म्हणाले, "दिवाळी झाल्याबरोबर पत्ता लागला."

"म्हणजे धान घरात आलं तेव्हा ताईंना माहीत होतं."

"हो."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तिनं हात जोडले मायापुढं. बाकी कोणालेही सांगा म्हणे. पोरीले सांगा, भावाले सांगा. वर्षाले नाही सांगायचं, बस."

"यांनाही माहीत होतं?"

"त्याले मागाहून सांगतलं."

ज्या माणसाने मला हसून 'डोकं फिरलं' म्हटलं होतं, त्यालाही! होळीला त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

आणि 'वर्षाले नाही'. म्हणजे तू सगळ्यांपासून लपवलं नव्हतंस, फक्त माझ्यापासून. ताई, त्यानंतर माझ्या डोक्यात काय काय आलं ते तुला सांगते, तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? मला वाटलं, शेवटी जाऊ ती जाऊच. तुला वाटलं असेल, हिला कळलं तर ही कोठीच्या किल्ल्यांवर डोळा ठेवेल. रेणुकाच्या लग्नाआधीच घर ताब्यात घेईल. माझ्या माहेरच्यांनी मला तुझ्याविषयी सांगितलं तसं तुझ्या माहेरच्यांनी तुला माझ्याविषयी सांगितलं असेल, आणि तू ते कधीच विसरली नसशील. दुपारच्या त्या सगळ्या गप्पा म्हणजे तुझं नुसतं वेळ घालवणं होतं. आणि मी, तुझ्या तोंडावर भेकड म्हणाले, स्वार्थी म्हणाले, तेव्हा तू मनात काय म्हणालीस? मी कोणाशी भांडत होते तेच मला ठाऊक नव्हतं, आणि तू मला भांडू दिलंस.

काल पल्लवी आली. तेरवीला तिला सुट्टी मिळाली नव्हती. तुझ्या फोटोपुढे बसली, रडली, मग डोळे पुसत धानाच्या खोलीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हिवाळ्यापासून किती सोसलं काकूंनी."

मी ताडकन विचारलं, "तुला काय माहीत?"

ती गोंधळली. रेणुका माझ्या शेजारीच होती, तिने मान खाली घातली. पल्लवी म्हणाली, "त्यांनी मला फोन केला होता. डॉक्टर असं असं म्हणाले, त्याचा अर्थ काय म्हणून. मी लॅबमध्ये आहे ना."

साकोलीची परकी मुलगी! जिने तुला हेर ठरवलं होतं, तिला माहीत, आणि मला नाही. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मला सांगू नको असंही म्हणाल्या असतील."

"म्हणाल्या."

"का म्हणून? मी काय लुटणार होते त्यांचं?"

पल्लवीने रेणुकाकडे पाहिलं. रेणुका म्हणाली, सांग. मग पल्लवी तुझ्याच बोलीत बोलली. साकोलीचीच ती, तिला जमतं. "मीही हेच विचारलं होतं, 'काकू, वर्षाकाकूंना का नाही सांगत?' तर म्हणाल्या, 'तिले सांगतलं तं ती मले जिंकू देन. मी म्हणीन खळीवाला भिकार हाये, तं ती म्हणन हो ताई. घरात सगळे आता मायाशी हळू बोलून राहिले. नवरा हळू, पोरगी हळू. एक तं पाहिजे ना जे मायावर वरडते.'"

तुझ्या दहनाच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. बायका माझ्याकडे पाहत होत्या, मला ते कळत होतं. काल आलं. पोत्याला धरून मी रडले, आणि त्या दोघी पोरी मला धरून.

नंतर रेणुका नाक ओढत म्हणाली, "मंग बरोबरच केलं ना आईनं. कंपाउंडरसारखं."

मी मान वर केली. "नाही."

"काकू!"

"चूक केलं. कंपाउंडरनेही चूक केलं होतं आणि तुझ्या आईनेही."

"तिची इच्छा होती ती."

"आणि माझी? मला नागपूरला जायचं होतं तिच्याबरोबर. डबा न्यायचा होता. रांगेत बसायचं होतं तिच्या शेजारी."

"मंग तुम्ही तिला आजारी समजला असता. तेच तर तिला नको होतं!"

पल्लवी मध्ये पडली, ती रेणुकाच्या बाजूने बोलू लागली. मी म्हटलं, तू तर बोलूच नको, ग्रुपवर माझ्या बाजूने होतीस तू. ती म्हणाली, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. रेणुका म्हणाली, कंपाउंडरची बायको शेवटी त्याला माफ करते. मी म्हटलं, करते कारण लेखकाने तसं लिहिलं, मी असते तर केलं नसतं. आवाज इतके वाढले की सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अवं, घरात दुःख हाये, कायले भांडता?" आम्ही गप्प झालो, आणि पुन्हा सुरू झालो.

"मी जिंकू दिलं नसतं तिला," मी शेवटी म्हटलं.

"दिलं असतं काकू," रेणुका म्हणाली. "तुम्हालाही माहीत आहे, दिलं असतं."

मी त्या दोघींसमोर कबूल केलं नाही. तुझ्यासमोर करते. दिलं असतं, ताई. पहिल्याच दिवशी खळीवाल्याला सोडून दिलं असतं. तू म्हणशील तो चोर, तू म्हणशील तो साव. तुझ्या तोंडाकडे पाहत बसले असते, जेवलीस का, दुखतंय का. तू मला बरोबर ओळखलं होतंस. या घरात मला इतकं कोणी ओळखलं नाही, याबद्दल तुझे उपकार मानावेत की तुझ्यावर चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण तू पुढचं पाहिलं नाहीस. मी किती दिवस जिंकू दिलं असतं? आठवडा? पंधरवडा? मग एखाद्या दुपारी तू त्या घोगऱ्या कंपाउंडरचं असं काही कौतुक केलं असतंस की मला राहवलं नसतं. मी ओरडले असते, तू झारा उगारला असतास. तुला माहीत असताना, मला माहीत असताना. दोघींना सगळं माहीत असताना एकदा तरी भांडायला हवं होतं, ताई.